तुतीच्या जागी धूमकेतू

म्हाताऱ्यानं जन्मात पहिल्यांदा बायकोकडे काही मागितलं ते बसमध्ये, डोळ्यांच्या दवाखान्यातून परत येताना, आणि तेही खिडकीची काच जरा सरकव म्हणावं इतक्या सहज. "संध्याकाळी दुर्बिणीला तू डोळा लावशील?" बस वळणावर होती, उभ्या माणसांची भिंत दोघांच्या अंगावर कलली होती, आणि तिला आधी वाटलं की तो पलीकडच्या कुणाशी बोलतोय. हुकूम सोडणं त्याला येत होतं, गृहीत धरणं तर फारच छान येत होतं. मागणं हा प्रकार त्या तोंडाला नवा होता. पुढच्या सीटची दांडी घट्ट धरून ती समोर बघत राहिली. पण आत, बरगड्यांच्या खाली कुठंतरी, वर्षानुवर्षं एका बिळाशी डोळे मिटून बसलेल्या मांजरानं कान टवकारावेत तसं काहीतरी उठून बसलं. आत्ता, ते म्हणालं. आत्ता आला हातात.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं म्हाताऱ्याच्या डोळ्याचा आतून काढलेला फोटो पडद्यावर दाखवला होता. नारिंगी गोल, त्यात लाल नद्या, आणि बरोबर मधोमध एक करपलेला डाग, मेणकापडावर गरम पातेलं टेकवल्यावर उठतो तसा. कडा राहतील, डॉक्टरीणबाई म्हणाली, मधलं मात्र आता परत यायचं नाही. म्हणजे चौकट शिल्लक आणि चित्र गेलं, असं म्हणून म्हातारा हसला, आणि ती शिकलेली पोरगीही हसली. नकाशांच्या कचेरीत जन्मभर रेघा मारलेला माणूस. विनोदसुद्धा फूटपट्टीनं आखून करायचा. बायको हसली नाही. तिच्या मनात आलं, मधलं गेलं म्हणे. मधलं ह्यानं बघितलं होतं कधी? काही महिन्यांपूर्वी जेवताना तो म्हणाला होता, तुझा चेहरा दिसत नाही गं, नुसते कान दिसतात. दिसणारच, ती म्हणाली होती, तुमचं ऐकून ऐकून सुपाएवढे झालेत. तेव्हाही तो हसला होता. त्याला तिची जीभ आवडायची. चारचौघांत तो ती मिरवायचा, दारातलं कुत्रं किती छान भुंकतं हे पाहुण्यांना दाखवावं तसा.

घर म्हणजे पुढं दोन खोल्या, मग स्वयंपाकघर आणि मागं परस. परसाला तिन्ही बाजूंनी भिंत, पश्चिमेच्या भिंतीपलीकडे शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्याचं बुटकं घर. परसात सिमेंटचा ओटा, ओट्यावर लोखंडी खांब, खांबावर दुर्बीण. तिला म्हाताऱ्यानं पाणी न शिरणाऱ्या कापडाचं आवरण शिवून घेतलं होतं, बायकोला रेनकोट आणायला विसरला त्याच आठवड्यात. बाकीचे हौशी लोक चंद्र बघतात, ग्रह बघतात. ह्याला धूमकेतूंचंच वेड, आणि तेही नुसतं बघायचं नाही, कॅमेऱ्यात पकडायचं. चंद्र रोजचाच, घरच्या माणसासारखा, असं तो म्हणायचा. धूमकेतू म्हणजे पाहुणा, एकदा येतो आणि पुन्हा तोंड दाखवत नाही. घरच्या माणसासारखा, हे म्हणताना तो कुणाकडे बघत नसे. कॅमेरा दुर्बिणीच्या बुडाला अडकवून तो फोटोमागून फोटो काढायचा, आणि तेवढा वेळ स्वयंपाकघरातला दिवा बंद. दिव्याची तिरीप परसात गेली की चित्र नासतं. म्हणून ती अंधारात भाजी फोडणीला टाकायला शिकली, दूध उतू जायच्या आधीचा त्याचा श्वास ऐकायला शिकली, आणि आकाशवाले आले की कप न खळखळवता चहा न्यायला शिकली. म्हाताऱ्याच्या मित्रमंडळींना ती आकाशवाले म्हणायची, जसे भाजीवाले, भंगारवाले. त्यातला कुणी म्हणायचा, काकू, या ना, बघा तरी एकदा. ती म्हणायची, माझं दूध गॅसवर आहे. इतक्या वर्षांत तिनं एकदाही त्या नळीला डोळा लावला नव्हता. आकाशवाल्यांना वाटायचं, चार बुकं न शिकलेली बाई, हिला काय त्याचं. वाटू दे, असं तिनं ठरवलं होतं. एकदा ज्याचं तोंड बघायचं नाही असं मनानं घेतलं, त्याच्या पाहुण्यांचंही बघायचं नाही.

बैठकीच्या खोलीत, दारातून शिरलं की समोरच, एका जुन्या धूमकेतूचा फोटो टांगलेला होता. खाली शिवणयंत्रवाल्याच्या छपराची काळी कड, वर जांभळट संध्याकाळ, आणि मधे तिरपा उभा तो, केस मोकळे सोडलेल्या बाईसारखा. मासिकात छापून आला होता. येणारेजाणारे शेपटीची वाखाणणी करायचे. ती रोज त्याची काच पुसायची, आणि रोज तिला त्यात जे दिसायचं ते त्यात नव्हतंच. छपराच्या कडेवर, डाव्या हाताला, जिथं फोटोत नुसतं रिकामं आकाश होतं, तिथं तुती असायला हवी होती.

तुती तिनं लग्नानंतर पहिल्यांदा माहेरून परतताना आणली होती. आईच्या परसातल्या झाडाची करंगळीएवढी काडी, ओल्या फडक्यात गुंडाळून, प्रवासभर मांडीवर, तान्हं मूल न्यावं तशी. सासरी सगळं होतं, भिंती होत्या, भांडी होती, नवरा होता, पण ते सगळं आधीपासूनच होतं. आपल्यामुळे तिथं आलेली अशी ती एक काडी. ती जगली. बघता बघता भिंतीच्या वर गेली, मग छपराच्या वर. मुलीची जीभ जांभळी, फ्रॉक जांभळे, ते धुताना हिच्या तोंडून निघणाऱ्या शिव्याही जांभळ्या. शिवणयंत्रवाल्याच्या बाजूला झुकलेल्या फांदीला झोका बांधलेला, आणि तो माणूस रोज कुरकुरायचा की तुमच्या पोरीचे पाय माझ्या छपरावर येतात. दुपारी खाली बसून शेंगा सोलताना सावलीचे तुकडे हातांवरून फिरायचे. पानं खरखरीत, अगदी आईच्या परसातल्यासारखी, आणि आईच्या हातासारखीही, पाठीवरून फिरला की ओरखडा उठावा आणि तरी हवासा वाटावा असा हात. मग आई अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला आणि ती गेली. बरेच दिवस राहिली. आई सुटली. भावांनी घर विकायचं ठरवलं, परसासकट. ती परत आली तेव्हा संध्याकाळ होत होती. हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती, आणि म्हातारा, तेव्हा म्हातारा नव्हता, काळ्याभोर केसांचा होता, तिचा दंड धरून तिला तरातरा परसात घेऊन गेला. पश्चिमेकडे हात करून म्हणाला, "बघ, कसं मोकळं झालं."

जमिनीलगत पांढरा, ओला बुंधा होता. त्यातून चीक पाझरत होता. म्हातारा बोलत होता, त्याच्या आवाजाला पंख फुटले होते. धूमकेतू छपरालगत येणार, झाड नेमकं आड येत होतं, दोन माणसं लावून पाडलं. लाकूड कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यानं भट्टीसाठी फुकट उचलून नेलं, म्हणजे वाहून टाकायची कटकटही वाचली. हे सगळं त्यानं अशा आनंदानं सांगितलं, जणू बायकोसाठीच काहीतरी आणून ठेवलंय. मग आत जाताना, उंबऱ्यात, त्याला आठवलं आणि त्यानं विचारलं की आई कशी आहे. गेली, ती म्हणाली. अरेरे, तो म्हणाला. तिच्या चेहऱ्यावर झाडाचंही काहीतरी उमटलं असावं, कारण जरा वेळानं तो म्हणाला, झाड काय, परत लावू. कुठून लावणार होता? काडी जिथून तोडायची ते परसही आता लोकांचं. तिनं ब्र काढला नाही. भांडली असती तर भांडण मिटलं असतं, दोन दिवस अबोला आणि तिसऱ्या दिवशी नवी साडी. तिला मिटवायचं नव्हतं. तिनं ते बरणीत भरलं, तोंडाला फडकं बांधलं आणि मुरायला ठेवलं. त्या बेकरीचा पाव मात्र पुन्हा घरात आला नाही. मुलीनं हट्ट केला की ती तिला उन्हातान्हात लांबच्या बेकरीत न्यायची, आणि का, ते मुलीलाही कधी कळलं नाही. कोपऱ्यावरून जाताना ताज्या पावाचा वास आला की ती श्वास धरायची. त्या वासात काय जळतंय ते तिलाच ठाऊक.

बसमधून उतरताना ती म्हणाली, "लावीन." म्हाताऱ्यानं तिचा हात जरासा दाबला. तिनं दाबू दिला.

दुसरं कुणी नव्हतंच, म्हणून तर तिची पायरी चढायची वेळ त्याच्यावर आली होती. मुलगी दूरच्या शहरात. फोनवर म्हणाली, कर की गं आई, काय मोठंसं त्यात. आकाशवाल्यांपैकी जवळ राहणारा एकच, औषधांच्या दुकानाचा मालक, आणि नेमकी दिवेलागणीला त्याच्या दुकानापुढं खोकणाऱ्यांची रांग. धूमकेतू तर दिवेलागणीलाच यायचा, सूर्याच्या मागोमाग, छपराच्या जरा वर, आणि धड अंधार पडायच्या आत बुडायचा. तेही थोड्याच संध्याकाळी. मग जो जाणार तो परत येईल तेव्हा पणतवंडांच्या हाडांचीही माती झालेली असेल. हा शेवटचा, म्हातारा म्हणाला, हा मिळाला की दुर्बीण कुणालातरी देऊन टाकीन. आवाजात काहीतरी थरथरलं. तिनं ते थरथरणं कान देऊन ऐकलं, आणि ठेवून दिलं.

संध्याकाळी परसात त्याचे हात बघून ती चकित झाली. अर्धा आंधळा माणूस, पण हात दुर्बिणीवरून असे फिरत होते, इथं खीळ, इथं वायर, इथं कॅमेऱ्याची कळ, की तिला आधी लाजल्यासारखं झालं आणि मग राग आला. उभ्या संसारात त्या हातांनी तिची एवढी ओळख करून घेतली नव्हती. काम तसं पोराटोरांचं. नळीच्या तोंडावर एक काळी चकती बसवायची, तिला तिरप्या खाचा पाडलेल्या. मग एक ठळक तारा धरायचा. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर त्या ताऱ्याची फुली उमटते आणि फुलीतून तिसरी एक रेघ जाते. चाक फिरवलं की ही रेघ सरकते. ती बरोबर फुलीच्या मधोमध आली की नजर बसली असं समजायचं, चकती काढायची आणि दुर्बीण धूमकेतूकडे वळवायची. रेघ केसभर जरी बाजूला राहिली तरी पुढचं सगळं मुसळ केरात. रेघ बघायची तिनं, चाक फिरवायचं त्यानं. जन्मभर दुसऱ्यांच्या वाकड्या रेघांवर खेकसणाऱ्याला आता एक रेघ दिसत नव्हती, आणि ती बायकोच्या तोंडून ऐकायची होती. कुठं आहे, तो विचारायचा. डावीकडं, ती सांगायची. आता? अजून डावीकडंच. आता? रेघ सरकत सरकत आली आणि फुलीच्या अगदी जवळ, उंबऱ्याशी येऊन घुटमळणाऱ्या माणसासारखी थांबली. तिला ते स्वच्छ दिसत होतं. ह्या वयातही पहिल्या झटक्यात सुई ओवणारे तिचे डोळे. जिभेवर खोटा शब्द आला तो साखरेसारखा विरघळला.

"आली मधे."

"बरोबर मधे?"

"दगडावर कोरून देऊ का?"

तो हसला. खीळ आवळली, चकती काढली, आणि कॅमेरा खटखटायला लागला. ती स्वयंपाकघरात जाऊन अंधारात उभी राहिली. धूमकेतूकडे तिनं बघितलं नव्हतं. तारा बघितला तो कामापुरता, नेम म्हणजे नेम. तिला वाटलं होतं, छातीवरचा धोंडा उतरेल, हलकं वाटेल. तिनं तो चीक आठवला, ते अरेरे आठवलं, आणि मनातल्या मनात म्हणाली, घ्या. आता बघा, कसं मोकळं झालं. धोंडा जागचा हलला नाही. हलेल, ती म्हणाली, त्याचं तोंड बघितलं की हलेल.

औषधवाला सकाळी दुकान उघडायच्या आधी आला. ह्या सगळ्या फोटोंचे थर एकावर एक रचून त्यातून एक चित्र काढायचं काम त्याचं. जेवणाच्या टेबलावर त्यानं लॅपटॉप उघडला, आणि ती हातात पातेलं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. औषधवाला एकेक फोटो मोठा करून बघत गेला. मग म्हणाला, काका, मऊ आलंय सगळं. तारे म्हणजे कापसाचे बोळे झालेत, दुकानात विकायला ठेवू का? आणि ते तोंड आलं, ज्याची तिनं इतकी वर्षं वाट बघितली होती. ओठांची टोकं खाली आली, हनुवटी सैल पडली, हात टेबलावर काहीतरी चाचपायला लागला, जे तिथं नव्हतं. तिनं ते घटाघटा प्यायलं. पण पेला संपायच्या आत म्हातारा औषधवाल्याकडे झुकला आणि हळू आवाजात, तिला ऐकू जाऊ नये म्हणून, म्हणाला, "तिला काही बोलू नकोस. तिला दिसलं नसेल नीट. वय झालं तिचंही, आणि सवय नाही. माझंच चुकलं, तिच्यावर टाकायला नको होतं."

पातेलं तिच्या हातातून पडलं नाही. तिच्या हातातून कधीच काही पडत नाही. ती वळली, पातेलं जागेवर ठेवलं, आणि भिंतीला टेकली. त्यानं तिला माफ केलं होतं. तिनं गळ्यावर सुरी फिरवली आणि तो म्हणाला होता, बिचारीचा हात थरथरला असेल. त्यानंतर दोन संध्याकाळी ढग होते. ढगांखाली तिनं झाडलं, पुसलं, शिजवलं, वाढलं, आणि आत ती नुसती फणफणत राहिली. जाऊन सांगावं का, मुद्दाम केलं म्हणून? तो काय म्हणेल ते तिला आधीच ऐकू येत होतं: राहू दे गं, होतं असं. आणि वर पाठीवर थोपटेल. सूड घ्यायचा तर समोरच्यानं तुम्हाला वैरी मानायला हवं. ह्यानं तिला कधी वैरीसुद्धा मानलं नव्हतं. झाड पाडताना तो तिच्यावर रागावलेला नव्हता, तिला दुखवायचं त्याच्या मनातही नव्हतं. ती आडवी येत नव्हती, झाड येत होतं. हे तिला पूर्वी कधी असं नागडं दिसलं नव्हतं. शिवीसुद्धा माणूस बघून देतात. आणि आता ह्या घरात ती डोळे गेलेली, हात थरथरणारी, वय झालेली बाई म्हणून मरणार होती, औषधवाल्याच्या साक्षीनं. तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ निवळलं. म्हातारा दारात उभा राहून वाऱ्याचा अंदाज घेत होता. मग म्हणाला, राहू दे, तू उगाच दमशील. त्यानं तिचं टाळकं पुरतं सटकलं. "चकती कुठं ठेवलीत?" ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं त्याला घाम फोडला. सावकाश, घोडा लागलाय का पाठीमागं. उजवीकडं गेली, मागं घ्या. मागं म्हटलं तर घरापर्यंत नाही. थांबा. आता बोट काढा चाकावरून, तुमच्या श्वासानंही हलतंय. रेघ फुलीच्या मधोमध बसली, अशी, जणू त्या तिन्ही रेघा एकाच माणसानं एकाच दमात मारल्यात. खीळ आवळताना ती पुन्हा हलली, तिनं पुन्हा आणली. म्हातारा मुकाट्यानं ऐकत होता. नकाशांच्या कचेरीत त्याच्या हाताखालची पोरं अशीच ऐकत असतील. मग त्यानं दुर्बीण वळवली, एक फोटो काढला आणि विचारलं, पडद्यात नीट आलाय का बघ, कडेला गेला असला तर सरकवू. आता बघणं भाग होतं. काम अंगावर घेतलं की अर्धवट टाकायचं नाही, हाही तिचा नेमच, आणि दोन नेमांची गाठ पडली तेव्हा कामाचा जिंकला. ती वाकली.

पडद्यावर छपराची काळी कड होती. कडेच्या जरा वर एक हिरवट, धुकट ठिपका, आणि त्यातून वर निघालेला उजेड. आधी एकच धार, मग तिचे दोन पदर, एक ताठ सरळ, दुसरा शिवणयंत्रवाल्याच्या बाजूला झुकत गेलेला, वर वर पसरत, विरळ होत. तिनं मान उचलून नुसत्या डोळ्यांनी पश्चिमेकडे बघितलं, तिथं फिकट काहीतरी पुसटसं होतं, आणि पुन्हा पडद्याकडे बघितलं. डाव्या हाताला. छपराच्या कडेवर. जिथून खोड वर निघायचं तिथून तो निघाला होता, जिथं पसारा व्हायचा तिथं पसरला होता. पायांखाली ओला चीक असल्यासारखी ती जागच्या जागी उभी राहिली. म्हातारा विचारत होता, आला का? आलाय, ती म्हणाली. कसा दिसतोय? तिनं तोंड उघडलं. शब्द दाराशी रांग लावून उभे होते, तिच्याकडे ते कधी कमी नव्हतेच. आणि नेमकं तेव्हा तिला दिसलं की आपण इतकी वर्षं चुकीच्या बिळाशी बसलो होतो. रेघ चुकवून काय होणार? चित्र मऊ येणार, आकाशवाले हळहळणार. म्हाताऱ्याला मऊ काय आणि टोकदार काय. त्याच्या डोळ्यांत चित्राच्या जागी करपलेला डाग. हा धूमकेतू त्याच्यापर्यंत पोचायचा तर एकच वाट होती, आणि ती वाट तिच्या तोंडातून जात होती.

"दिसतोय," ती म्हणाली.

"दिसतोय म्हणजे?"

"म्हणजे दिसतोय. तुम्ही फोटो काढा, बुडेल नाहीतर."

फोटो असा आला की औषधवाल्यानं दुकान उशिरा उघडलं. मोठा छापून, चौकटीत घालून, त्यानं तो स्वतः आणून दिला आणि तिला म्हणाला, काकू, मानलं तुम्हाला. ती म्हणाली, मानायला उशीर केलास. मग आकाशवाले येऊन गेले, नकाशांच्या कचेरीतले दोन म्हातारे येऊन गेले. म्हातारा चौकट मांडीवर घेऊन बसायचा, पक्ष्यासारखी मान वाकडी करून डोळ्याच्या कडेनं बघायचा, कागदाला नाक टेकवायचा, आणि येईल त्याला विचारायचा, कसा दिसतोय सांग. जबरदस्त, काका. तोड नाही. शेपटी काय सुंदर आलीय. सुंदर म्हणजे कशी, तो विचारायचा. लांब आहे. लांब म्हणजे किती? बरीच. मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, शब्दच नाहीत. शब्दच नाहीत, हे तो नंतर दोनदा स्वतःशी म्हणाला. लोकांना वाहवा येते, सांगता येत नाही. सांगता येतं ते एकीलाच, हे त्यालाही ठाऊक होतं. शेजारीण जिना कशी चढते हे हिनं सांगितलं की ऐकणाऱ्याला जिना दिसायचा. तो तिच्याभोवती घुटमळायला लागला. एका सकाळी त्यानं चहा करून आणला, अर्धा बशीत सांडलेला. तिनं तो प्यायला. साखर कमी आहे, म्हणाली. त्याच्या तोंडाचा रंग दिवसेंदिवस उतरत चालला, आणि ते बघताना तिला पहिल्यांदा छातीवर काहीतरी हलल्याचं जाणवलं. पण तिला घाई नव्हती. मुरलेल्याला घाई नसते.

मग एका दुपारी ती परसात ओट्यावर बसून पालेभाजी निवडत होती. म्हातारा भिंत चाचपत आला आणि शेजारी बसला.

"सांग ना," तो म्हणाला. "तू सांगितलंस तरच मला दिसेल."

तिनं दोन काड्या निवडल्या, एक किडकं पान फेकलं.

"काय सांगू?"

"शेपटी कुठवर गेली होती?"

"झाडाच्या शेंड्यापर्यंत."

"कुठल्या झाडाच्या?"

भिंतीपलीकडे एक यंत्र घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, उघडउघड, कारण तिचं बघणं त्याला दिसणार नव्हतं. तिथं काही येत नव्हतं. मग फार सावकाश, कुणीतरी लांबून चालत यावं तसं, काहीतरी आलं.

"तुतीच्या?" तो म्हणाला.

"डोकं हिरवट होतं, पहिल्या दोन फांद्या फुटायच्या तिथं. एक पदर सरळ वर, बुंधा सरळ होता तसा. दुसरा झुकलेला, झोक्याची फांदी झुकायची तेवढाच. जिथं पानं दाट व्हायची तिथं तो पसरला होता. आणि शेंडा हलायचा तिथं संपला." तिनं भाजीची काडी मोडली. "ह्यात एक शब्द खोटा नाही. कुणालाही विचारा."

विचारायला कुणी नव्हतं. म्हाताऱ्यानं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांमागं तो काहीतरी उभं करायची धडपड करत होता, हे तिला पापण्यांच्या हलण्यावरून कळलं; खोड उभं करत होता, फांद्या लावत होता, आणि ते पुन्हापुन्हा कोसळत होतं, कारण ते झाड उभं असताना त्यानं त्याच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं.

"किती उंच होतं गं ते?"

"पाडलं तुम्ही. माप तुम्हाला माहीत."

"इतक्या वर्षांत तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"परत लावू म्हटलं होतं मी."

"म्हटलं होतंत."

तो उठला. एक हात पुढं धरून, पावलानं जमीन चाचपत, पश्चिमेच्या भिंतीकडे गेला. जिथं बुंध्यावर नंतर सिमेंट ओतलं होतं तो उंचवटा त्याच्या पायाला लागला, आणि तो त्यावर उभा राहिला. त्यानं हात वर केला, तळवा आडवा धरून, पोर किती वाढलंय ते दाखवतात तसा.

"इथवर?" त्यानं विचारलं.

तिनं मांडीवरची भाजी बाजूला ठेवली आणि नीट बघितलं. शर्टाची बाही खाली घसरली होती.

"नाही," ती म्हणाली. "अजून वर."

त्यानं टाचा उचलल्या.

"इथवर?"

"अजून वर."